तहाच्या टेबलावर कोण नव्हतं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात 'युद्ध, तह आणि स्त्रिया' या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

या सत्रात मी एका अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या अंतराळयुद्धावर बोलणार आहे, असं सकाळी चहाच्या वेळी सांगितलं, तेव्हा दोघी-तिघी हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "बाई गं, इथे जमिनीवरची भांडणं मिटवता मिटवता आमचा जीव जातो, तू कुठे आभाळात निघालीस?" त्यांचं हसणं मला मान्य आहे. मीही आधी हसलेच होते. माझी कॉलेजात जाणारी भाची ही मालिका बघत होती, आणि मी तिच्या शेजारी मेथी निवडत बसले होते. हळूहळू मेथी बाजूला राहिली. शेवटचा भाग संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मला झोप लागेना. का लागेना, ते आज सांगायचं आहे.

मालिकेचं नाव 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाईन'. १९९३ ते १९९९ अशी सात वर्षं ती चालली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. भविष्यातला काळ आहे. बेजोर नावाचा एक ग्रह आहे, देवाधर्मात रमणाऱ्या शेतकरी-कारागिरांचा. शेजारच्या कार्डेशियाच्या लष्कराने त्यावर पन्नास वर्षं कब्जा केला. खाणी खणून नेल्या, माणसं छावण्यांत कोंडली, वेठीला लावली. बेजोरच्या आकाशात कार्डेशियनांनी एक अंतराळस्थानक बांधलं होतं, तेरॉक नॉर. तिथून सगळा कारभार चाले आणि त्याचा प्रमुख होता गुल डुकाट. पुढे भूमिगत चळवळीने कार्डेशियनांना राज्य करणं अशक्य करून सोडलं, ते निघून गेले. मग त्याच स्थानकाला नवं नाव मिळालं, डीप स्पेस नाईन. तिथे आता फेडरेशनचा कॅप्टन सिस्को प्रमुख आहे आणि त्याच्या हाताखाली बेजोरची एक बाई आहे, मेजर किरा नेरीस. पोरवयातच ती भूमिगत चळवळीत गेली. तिने बॉम्ब पेरलेत, माणसं मारलीत, उपाशी राहिली आहे. आता तिला फायली बघाव्या लागतात. आपल्यातल्या कितीतरी जणींना ही किरा ओळखीची वाटेल.

मालिकेची शेवटची दोन वर्षं मोठ्या युद्धाची आहेत. डोमिनियन नावाचं दूरचं साम्राज्य चालून येतं. कार्डेशिया सत्तेच्या मोहाने त्यांना जाऊन मिळतो. दुसऱ्या बाजूला फेडरेशन, क्लिंगॉन आणि रोम्युलन एकत्र येतात. पण मित्र म्हणून आणलेले डोमिनियनवाले हळूहळू कार्डेशियाचेच मालक होऊन बसतात. तेव्हा डमार नावाचा कार्डेशियन सेनानी बंड पुकारतो. या बंडखोरांना छुपं युद्ध येत नाही, त्यांना फक्त राज्य करणं येतं. मग त्यांना शिकवायला कोणाला पाठवायचं? किराला. जिच्या देशावर यांनी पन्नास वर्षं बूट ठेवला, तिनेच यांना गुलामीविरुद्ध लढायला शिकवायचं. बेजोरच्या बाईचं हे ऐकणार नाहीत म्हणून तिला फेडरेशनचा गणवेशही घालावा लागतो.

इथे एक प्रसंग आहे. डमारला बातमी येते की त्याच्या बायकोला आणि मुलाला डोमिनियनने मारून टाकलं. तो कोसळतो आणि विचारतो, निष्पाप बायकामुलांना मारायचे हुकूम देणारी ही कसली माणसं? किरा त्याच्याकडे बघते आणि त्याचाच प्रश्न त्याला परत करते. बस, एवढंच. डमारला उत्तर देता येत नाही. बेजोरच्या बायकामुलांना मारायचे हुकूम त्याच्याच सैन्याचे होते. तो निघून गेल्यावर किराला वाईट वाटतं, दुःखात असलेल्या माणसाला आपण टोचलं असं वाटतं. पण सोबत असलेला गॅराक हा कार्डेशियनच तिला समजावतो की डमारने हे ऐकणं गरजेचं होतं.

हा प्रसंग मी भाचीला थांबवून दोनदा लावायला सांगितला. आपल्या कामात ही वेळ येते. सुनेला आयुष्यभर छळलेली सासू लेकीच्या अंगावरचे वळ घेऊन आपल्याकडे येते. आपण तिच्या लेकीसाठी धावतो, धावलंच पाहिजे. पण त्या सुनेबद्दल विचारायचं की नाही? किरा दोन्ही करते. ती डमारला लढायला शिकवते, त्याच्या घरच्यांसाठी हळहळते, आणि प्रश्नही सोडत नाही.

शेवटच्या भागाचं इंग्रजी नाव मराठीत सांगायचं तर 'मागे काय ठेवून जाता' असं होईल. अमेरिकेत तो जून १९९९च्या सुरुवातीला दाखवला गेला. किरा, डमार आणि गॅराक कार्डेशियाच्या राजधानीत एका घराच्या तळघरात लपलेले आहेत. घर सांभाळणारी मिला नावाची म्हातारी बाई आहे. गॅराकची आणि तिची जुनी ओळख आहे. ती वरून जेवण आणून देते, बातम्या आणते. शहरातले साधे लोक वीज आणि संदेशयंत्रणा तोडतात. त्याची शिक्षा म्हणून डोमिनियन लाकारियन नावाचं एक अख्खं शहर नष्ट करतं. वीस लाख माणसं जातात. ही बातमी पसरते आणि ऐन लढाईत कार्डेशियन आरमार बाजू बदलून डोमिनियनवरच तोफा वळवतं. चवताळून डोमिनियनची प्रमुख हुकूम देते, कार्डेशियन जमात संपवा, एकही शिल्लक ठेवू नका. त्याआधीच शिपाई मिलाच्या घरात शिरलेले असतात आणि तिचा मृतदेह तळघराच्या पायऱ्यांवरून खाली आलेला असतो. डमार मुख्यालयाच्या दारात मारला जातो. किरा आणि उरलेले आत शिरतात. सगळं संपतं तेव्हा कार्डेशियात मेलेल्यांचा आकडा ऐंशी कोटी असतो.

मैत्रिणींनो, तळघरातल्या बंडखोरांना पोसणारी बाई प्रत्येक लढ्यात असते. ती भाकरी देते, निरोप पोचवते, दारात उभी राहून पोलिसांना वाट चुकवते. इतिहास लिहिताना डमारचं नाव येतं. मिलाला निदान या मालिकेने नाव दिलं आणि तिच्यासाठी रडणारं एक माणूस दिलं.

आता युद्ध थांबतं कसं ते बघा. डोमिनियनच्या सैन्याला शरण जायची सवय नाही. ते शेवटच्या माणसापर्यंत लढणार आणि आणखी लाखो मरणार. त्यांची प्रमुख एक बाई आहे, रूप बदलू शकणाऱ्या जमातीतली, आणि ती आजारी आहे. ही सबंध जमातच आजारी आहे, कारण फेडरेशनच्या एका गुप्त शाखेने त्यांच्यात मुद्दाम रोग सोडला होता. म्हणजे आपण ज्यांना चांगली बाजू समजत होतो, त्यांनीही एक जमात पुसून टाकायचा बेत केला होता. आणि औषध सापडल्यावरही ते द्यायचं नाही, असं फेडरेशनच्या राज्यकर्त्यांनी ठरवलं होतं. स्थानकाचा पोलीसप्रमुख ओडो हा त्याच जमातीतला. तो निःशस्त्र त्या बाईपुढे जातो, तिच्याशी एकरूप होतो, तिला बरं करतो. त्यानंतर ती सैन्याला लढाई थांबवायला सांगते आणि स्वतः खटल्याला उभी राहायला तयार होते.

या शेवटाबद्दल माझ्या मनात आधी शंका होती. प्रेमाने जिंकलं, मायेने जिंकलं, असल्या गोष्टी बायकांच्या गळ्यात फार मारल्या जातात. नवरा मारतो तर तू प्रेमाने समजव, हे आपण रोज ऐकतो. पण इथे नीट पाहिलं तर तसं नाही. औषध मिळतं आणि खटलाही होतो. बरं केलं म्हणून गुन्हा माफ होत नाही, आणि गुन्हेगार आहे म्हणून कोणाला रोगाने सडवून मारायचा हक्क मिळत नाही. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या शिक्षणात हे इतक्या सोप्या भाषेत मला कोणी शिकवलं नव्हतं.

विजयाचा प्रसंगही तसाच आहे. क्लिंगॉन सेनापती मार्टोक कार्डेशियाच्या उद्ध्वस्त राजधानीत प्रेतांच्या राशीत उभा राहून मद्याचे पेले पुढे करतो. असं ठरलेलंच असतं. तो पितो. सिस्को आणि फेडरेशनचा अ‍ॅडमिरल रॉस पीत नाहीत. टीव्हीवरच्या युद्धकथेत जिंकलेल्यांनी पेला खाली ठेवलेला मी तरी क्वचितच पाहिलाय.

इथपर्यंत मी या मालिकेच्या बाजूने बोलले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती पुढच्या प्रसंगाने.

तहावर सह्या होतात त्या डीप स्पेस नाईनवर. हरलेली प्रमुख सही करते आणि अ‍ॅडमिरल रॉस भाषण करतो. चारशे वर्षांपूर्वीच्या एका विजयी सेनापतीचे शब्द म्हणून तो काही वाक्यं म्हणतो, आज तोफा शांत झाल्यात अशा अर्थाची. सेनापतीचं नाव तो घेत नाही. पण ते शब्द जनरल मॅकआर्थरचे आहेत. २ सप्टेंबर १९४५ला टोकियोच्या समुद्रात अमेरिकन युद्धनौकेवर जपानने शरणागतीवर सही केली, त्या दिवशीचे.

आता हे स्थानक कोणतं, ते आठवा. पूर्वीचं तेरॉक नॉर. मालिकेतच, शेवटाच्या वर्षभर आधी, एप्रिल १९९८मध्ये दाखवलेला एक भाग आहे. किराला लहानपणापासून सांगितलेलं असतं की तुझी आई मेरू निर्वासितांच्या छावणीत वारली. आईच्या साठाव्या जन्मदिवशी डुकाट तिला संदेश पाठवून सांगतो की ते खोटं आहे, तुझी आई माझ्यासोबत होती. किरा एका दैवी वस्तूच्या साहाय्याने भूतकाळात जाते. छावणीत भूक आहे, मेरूची तीन लहान मुलं आहेत. कार्डेशियन येतात, बायका निवडतात आणि तेरॉक नॉरवर नेतात. अधिकाऱ्यांच्या 'सोबतीला'. मालिकेत त्यांच्यासाठी 'कम्फर्ट विमेन' हाच शब्द वापरलाय. दिलासा देणाऱ्या बायका! कोणाला दिलासा? मेरूच्या घरच्यांना त्या बदल्यात जादा शिधा आणि औषधं मिळतात. मेरू डुकाटजवळ राहते. चांगले कपडे, पोटभर अन्न, गोड बोलणं. किरा संतापते. तिला आई फितूर वाटते, आणि ती डुकाटच्या खोलीत बॉम्ब ठेवते. तेवढ्यात मेरू नवऱ्याकडून आलेला निरोप बघत असते. तो सांगत असतो की मुलं जेवताहेत, बरी आहेत, तुझ्यामुळे जगली. ते ऐकून किरा आईला सावध करते. शेवटी ती सिस्कोला सांगते की आईने केलं त्याचा मला रागच आहे, पण ती माझी आई होती.

ही 'कम्फर्ट विमेन' कल्पनेतली नव्हेत. १९३०च्या दशकापासून १९४५पर्यंत जपानी लष्कराने कोरिया, चीन, फिलिपाइन्स, इंडोनेशिया अशा कितीतरी देशांतल्या मुलीबायकांना फसवून, पळवून, जबरदस्तीने लष्करी कोठ्यांत ठेवलं, त्यांना हे नाव होतं. १९४५ची सही झाली तेव्हा त्या कोणाच्या यादीत नव्हत्या. १९४६ ते १९४८ टोकियोत युद्धगुन्ह्यांचा मोठा खटला चालला. अकरा देशांचे अकरा न्यायाधीश होते, आपल्याकडचे राधाबिनोद पालही होते. बाई एकही नव्हती. या कोठ्यांच्या व्यवस्थेसाठी तिथे कोणावर स्वतंत्र आरोप ठेवला गेला नाही. त्या बायका घरी गेल्या आणि गप्प राहिल्या. पुढे १४ ऑगस्ट १९९१ला सोलमध्ये किम हाक-सून नावाच्या बाई कॅमेऱ्यासमोर आपलं नाव सांगून बोलल्या. दक्षिण कोरियात असं उघड बोलणाऱ्या त्या पहिल्या. जानेवारी १९९२पासून त्या बायका आणि त्यांच्या मैत्रिणी जपानी वकिलातीसमोर दर बुधवारी उभ्या राहू लागल्या. किमबाई डिसेंबर १९९७मध्ये वारल्या. मेरूची गोष्ट टीव्हीवर आली ती त्यानंतर चार महिन्यांनी.

म्हणजे या मालिकेच्या लेखकांना हे ठाऊक होतं. मेरूचं दुःख त्यांनी मायेने दाखवलं. आणि तरीही वर्षभराने त्याच स्थानकावर, ज्याच्या खोल्यांत त्या बायका ठेवल्या होत्या, तहाचा कागद आला तेव्हा त्यांचा एका शब्दाने उल्लेख नाही. भाषण १९४५चं घेतलं आणि १९४५चं मौनही सोबत आलं. कोणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. ठरवून केलं नाही म्हणूनच मला ते जास्त लागलं.

आणि डुकाटचं काय होतं? त्याच्यावर बेजोरच्या बायकांसाठी खटला उभा राहत नाही. शेवटी तो दुष्ट आत्म्यांचा साथीदार होतो, डोळे लाल होतात, आणि सिस्को त्याला अग्नीच्या दरीत लोटतो. बघताना बरं वाटतं. पण नीट विचार केला तर आपली फसगत झालीय. माणसाचा राक्षस केला की हिशेब मागायची गरज उरत नाही. डुकाट राक्षस नव्हता. तो अधिकारी होता, त्याच्या टेबलावर याद्या होत्या, कोणत्या छावणीतून किती बायका आणायच्या हे कोणीतरी लिहीत होतं, कोणीतरी शिधा मोजून देत होतं. हुकूम देणारी ही कसली माणसं, हा किराचा प्रश्न खरं तर त्या टेबलाला विचारायचा होता.

तुम्ही म्हणाल, तहात बायकांचा उल्लेख आला म्हणजे झालं का? नाही. आपल्या देशात तसा करार झालेला आहे. फाळणीनंतर डिसेंबर १९४७मध्ये भारत आणि पाकिस्तानने पळवलेल्या बायका परत मिळवायचं ठरवलं आणि १९४९ साली आपल्याकडे त्याचा कायदा झाला. त्यात बाईला परत जायचंय का, हे विचारायची तरतूद नव्हती. कित्येकींना दुसऱ्यांदा उचलून नेलं गेलं, या वेळी सरकारी गाडीतून. पोटच्या मुलांपासून तोडलं गेलं. त्या कामात आपल्यासारख्याच समाजकार्यकर्त्या होत्या, त्यातल्या काहींना याचं ओझं जन्मभर वाहावं लागलं. तेव्हा कागदावर बाईचं नाव असणं पुरेसं नाही. तिचं म्हणणं असलं पाहिजे.

हे होऊ शकतं, याचंही उदाहरण त्याच वर्षांतलं आहे. रवांडात १९९४ साली झालेल्या वंशसंहाराबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायालयात अकायेसू नावाच्या नगरप्रमुखावर खटला चालला. आरोपपत्रात बलात्काराचा मुद्दाच नव्हता. १९९७ साली साक्ष देताना बायकांनी तो सांगितला. तीन न्यायाधीशांपैकी एक बाई होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या नवी पिल्ले. साक्ष पुढे नीट विचारली गेली, स्त्रीसंघटनांनी बाहेरून रेटा लावला, आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८च्या निकालात बलात्कार हे वंशसंहाराचं साधन असू शकतं, हे पहिल्यांदा मान्य झालं. आणि टोकियोत जे राहून गेलं होतं त्यासाठी डिसेंबर २०००मध्ये आशियातल्या स्त्रीसंघटनांनी टोकियोतच स्वतःचं लोकन्यायालय भरवलं. त्याला कायद्याचं बळ नव्हतं. पण म्हाताऱ्या बायकांनी साक्ष दिली, ती लिहून घेतली गेली, आणि जबाबदार कोण हे नाव घेऊन सांगितलं गेलं.

आता माझ्याबद्दल बोलते, कारण दुसऱ्यांच्या तहाबद्दल बोलणं सोपं असतं.

मी काही वर्षं एका कुटुंब सल्ला केंद्रात काम करत होते. एक बाई आली. नवऱ्याची मारहाण होती आणि दिराचा त्रास होता, कसला ते तुम्हाला समजेल. तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीला सासरची मंडळी 'मिटवून टाकू' म्हणत आली. नवऱ्याने दरमहा खर्च द्यायचा, चूल वेगळी करायची, दागिने परत करायचे, मुलांची शाळा बदलायची नाही, असं ठरलं. तडजोडीचा कागद मी लिहिला. दिराचं नाव घेतलं असतं तर मंडळी उठून गेली असती, आणि एवढं पदरात पडलेलंही गेलं असतं. म्हणून मी लिहिलं, 'उभयतांमधील किरकोळ मतभेद सामोपचाराने मिटले आहेत.' सगळ्यांनी सह्या केल्या. मी खूश होते. केंद्राच्या अहवालात ती केस 'यशस्वी' म्हणून मोजली गेली.

दीड वर्षाने ती परत आली. २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली तिला अर्ज करायचा होता आणि समोरच्या वकिलाने माझाच कागद पुढे केला होता. किरकोळ मतभेद. तिने तो कागद माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "ताई, मी तुम्हाला जे सांगितलं होतं ते यात कुठंय?"

ती चिडलेली नव्हती, खरंच शोधत होती. मी काही बोलू शकले नाही. पुढे तिचा अर्ज चालला, मी साक्ष दिली, पण आधी स्वतःच्याच अक्षरातल्या कागदाविरुद्ध बोलावं लागलं. त्या रात्री टीव्हीवर अ‍ॅडमिरल रॉस भाषण करत होता तेव्हा मला तो कागद दिसत होता.

शेवटी एक गोष्ट सांगते. या मालिकेचा शेवट जसा लिहिला होता तसाच्या तसा दाखवला गेला नाही. सिस्को देवांच्या लोकात निघून जातो आणि त्याची बायको कॅसिडी गरोदर आहे. आधीच्या लिखाणात तो परत येणार नव्हता. सिस्कोची भूमिका करणारे नट एव्हरी ब्रूक्स यांना हे खटकलं. काळा पुरुष गरोदर बायकोला टाकून जातो, असं चित्र अमेरिकेत आधीच फार रंगवलं जातं, त्यात आपण भर घालायची का, असा त्यांचा सवाल होता. संवाद बदलला, प्रसंग पुन्हा चित्रित झाला, आणि सिस्को सांगतो की मी एक दिवस परत येईन. एका माणसाने विचारलं आणि शेवट बदलला. मेरूच्या वतीने त्या खोलीत विचारणारं कोणी नव्हतं, एवढाच फरक. शेवटच्या भागाचे दोन्ही लेखक पुरुष आणि दिग्दर्शकही पुरुष. आणखी एक बघा. ज्या बाईच्या सहीने युद्ध संपतं, त्या साम्राज्याच्या प्रमुख बाईला सबंध मालिकेत नाव नाही. श्रेयनामावलीत ती नुसती त्या जमातीतली 'मादी' आहे!

मला किराबद्दल तक्रार नाही. शेवटी ती त्या स्थानकाची प्रमुख होते. ज्या खोल्यांत आईला ठेवलं होतं त्या खोल्यांच्या किल्ल्या आता तिच्या हातात आहेत. पुढे ती काय करेल, हे लेखकांनी लिहिलं नाही. मी तिच्या जागी असते तर तहाचा कागद परत मागवला असता.

आपल्यापुढे आंतरग्रहीय तह येणार नाहीत. ग्रामसभेचे ठराव येतील, जातपंचायतीचे निवाडे येतील, पोलीस ठाण्यातली 'समज देऊन सोडले' ही नोंद येईल, दंगलीनंतरच्या शांतता समितीचं निवेदन येईल, आणि आपल्याच केंद्रातले तडजोडीचे कागद येतील. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २०००ला ठराव क्रमांक १३२५ करून शांतता-बोलण्यांत स्त्रियांचा सहभाग हवा असं म्हटलं. ठराव चांगला आहे. पण आपल्या टेबलावर तो आपणच आणायचाय.

म्हणून आता गटचर्चेला बसताना प्रत्येकीने आपल्या हातून लिहिला गेलेला एखादा तडजोडीचा कागद आठवावा. त्यावर सही कोणाची आहे, तिने सांगितलेलं त्यात किती आलंय, आणि जे गाळलं ते कोणाच्या सोयीसाठी गाळलं, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. माझ्या कागदाची उत्तरं मी तुम्हाला सांगितली. तुमची ऐकायला मी गट क्रमांक दोनमध्ये बसते आहे.